फुकुशिमाची मोफत थायरॉइड तपासणी: सोनोग्राफी अचूक, हिशेब कच्चा

मार्च २०११ मध्ये जपानमधल्या फुकुशिमा दाइइची अणुवीज प्रकल्पाच्या तीन अणुभट्ट्यांतले इंधन वितळले आणि किरणोत्सारी आयोडीन-१३१ हवेत पसरले. साधे आयोडीन कोणते आणि किरणोत्सारी कोणते हे गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला कळत नाही. जे मिळेल ते ती साठवते, आणि मुलांची ग्रंथी लहान असल्याने तिला किरणोत्सर्गाची मात्रा जास्त बसते. चेर्नोबिलनंतर दूषित दूध प्यायलेल्या मुलांमध्ये थायरॉइडचा कर्करोग ठळकपणे वाढला, तोही चार-पाच वर्षांनी. तो अनुभव समोर ठेवून फुकुशिमा प्रांताने ऑक्टोबर २०११ पासून, अपघाताच्या वेळी १८ वर्षांपर्यंत वय असलेल्या सुमारे ३ लाख ६८ हजार मुलामुलींसाठी मोफत सोनोग्राफी सुरू केली. काम फुकुशिमा वैद्यकीय विद्यापीठाकडे आहे. विसाव्या वर्षापर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर पंचविसाव्या, तिसाव्या वर्षी असे तिचे वेळापत्रक आहे.

सोनोग्राफी म्हणून पाहिले तर या सेवेत खोट काढायला फारशी जागा नाही. मुलाला उताणे झोपवून मान जरा मागे घेतात, गळ्याला जेल लावतात आणि प्रोब फिरवतात. ध्वनिलहरींचे काम असल्याने यात किरणोत्सर्ग मुळीच नाही. दुखत नाही आणि काही मिनिटांत आटोपते. निकालाची भाषा ठरलेली आहे: काहीच नसेल तर ए-१; ५ मिमीपर्यंतची गाठ किंवा २० मिमीपर्यंतची द्रवाने भरलेली सिस्ट असेल तर ए-२; त्याहून मोठे काही असेल तर बी; आणि लगेच बोलावण्यासारखे असेल तर सी. ए-१ आणि ए-२ या दोघांनाही पुढच्या फेरीपर्यंत काही करायचे नसते.

घोळ झाला तो ए-२ वर. पहिल्या फेरीत तपासलेल्या सुमारे ३ लाख मुलांपैकी जवळपास ४८ टक्के ए-२ मध्ये आली. घरी पत्र गेले ते थोडक्यात, सोबत चित्र नाही, समजावून सांगणारे कोणी नाही. आपल्या मुलाच्या गळ्यात काहीतरी आहे एवढेच पालकांना कळले. मग पर्यावरण मंत्रालयाने आओमोरी, यामानाशी आणि नागासाकी या प्रकल्पापासून दूरच्या प्रांतांत तशीच तपासणी केली. तिथल्या ४,३६५ मुलांमध्ये ए-२ चे प्रमाण ५६ टक्क्यांच्या वर निघाले. म्हणजे बारीक सिस्ट ही वाढत्या वयातल्या गळ्यात सहज दिसणारी गोष्ट आहे. एवढे बारीक पाहणारे यंत्र पूर्वी निरोगी मुलांवर कोणी फिरवले नव्हते, इतकेच. ही तुलना तपासणी सुरू होण्याआधी हातात असायला हवी होती. हजारो घरांची झोप वाचली असती.

बी निकाल आला की सेवेचा दुसरा टप्पा सुरू होतो: पुन्हा सविस्तर सोनोग्राफी, रक्त आणि लघवीची तपासणी, आणि गरज पडल्यास बारीक सुईने पेशी काढणे. सुई कोणाला टोचायची याचे नियम चांगले कडक आहेत. गाठ १० मिमीपर्यंत असेल तर कर्करोगाचा दाट संशय देणारी लक्षणे दिसली तरच. १० ते २० मिमीत थोडा संशयही पुरतो. २० मिमीच्या वर साधारणपणे सगळ्यांनाच. हे नियम नसते तर सुया आणि शस्त्रक्रिया दोन्ही बरेच वाढले असते.

तरीही पहिल्या फेरीत ११६ जण कर्करोगाचे किंवा दाट संशयाचे निघाले, दुसऱ्या फेरीत आणखी ७१. २०२३ पर्यंत एकूण आकडा ३०० च्या पुढे गेला. इथे तज्ज्ञांमध्ये उघड फूट आहे. संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सर्गविषयक समितीच्या मते मुलांना बसलेली मात्रा चेर्नोबिलपेक्षा फारच कमी होती आणि ही वाढ संवेदनशील तपासणीमुळे दिसते आहे. दक्षिण कोरियाचा दाखला याच बाजूला जातो: तिथे प्रौढांच्या सरसकट सोनोग्राफीने १९९३ ते २०११ या काळात थायरॉइड कर्करोगाचे निदान सुमारे पंधरापट झाले, मृत्यूदर मात्र जागचा हलला नाही. याउलट शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी १२५ रुग्णांची जी माहिती मांडली, तीत सुमारे ७८ टक्के जणांच्या लिम्फ नोडमध्ये (लसिका गाठींत) रोग पोहोचलेला होता. या सगळ्या गाठी निरुपद्रवी होत्या, हे म्हणणे म्हणून घाईचे ठरते. आमचा कल पहिल्या बाजूकडे आहे. पण ज्याच्या गळ्यावर व्रण आहे त्याला सरासरी सांगून गप्प बसवता येत नाही.

मात्रेचा पुरावाही मुळातच तोकडा आहे. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य आठ दिवसांचे, म्हणजे दर आठ दिवसांनी ते निम्मे उरते. ते गळ्यात मोजायचे तर पहिल्या काही आठवड्यांतच. मार्च २०११ च्या अखेरीस इवाकी, कावामाता आणि इइताते इथल्या १,०८० मुलांचीच थेट मोजणी झाली. ती दिलासादायक निघाली, पण लाखांच्या लोकसंख्येत हा आकडा किती लहान! पहिल्या चार महिन्यांत कोण कुठे होते हे विचारणाऱ्या प्रश्नावलीला उत्तर दिले ते जेमतेम २७ टक्क्यांनी. ती गेलेली वेळ पुढच्या कितीही चांगल्या सोनोग्राफीने भरून निघत नाही.

सेवेचा सर्वांत कमकुवत भाग म्हणजे हिशेब. बी निकालानंतर एखाद्याला आरोग्य विम्याच्या उपचारांखाली 'निरीक्षणात' ठेवले की तो या तपासणीच्या नोंदीतून बाहेर पडत असे. पुढे त्याला कर्करोग निघाला तरी अधिकृत आकड्यात येत नसे. अपघाताच्या वेळी चार वर्षांच्या असलेल्या एका मुलाचे प्रकरण असे नोंदीबाहेर राहिल्याचे २०१७ मध्ये उघड झाले. त्याआधी २०१२ मध्ये या तपासणीवरच्या देखरेख समितीच्या गुप्त पूर्वबैठका वृत्तपत्रांनी चव्हाट्यावर आणल्या होत्या. अशा कारभारानंतर खरा आकडासुद्धा लोकांना खरा वाटत नाही, आणि त्याची किंमत राजकारणात मोजावी लागते. जानेवारी २०२२ मध्ये अपघाताच्या वेळी ६ ते १६ वर्षांच्या असलेल्या सहा तरुणांनी टोकियो जिल्हा न्यायालयात प्रकल्प चालवणाऱ्या टेपको कंपनीवर दावा लावला. त्याच महिन्यात जपानच्या पाच माजी पंतप्रधानांनी युरोपीय संघाला लिहिलेल्या पत्रात मुलांच्या थायरॉइड कर्करोगाचा उल्लेख केला आणि सरकारने त्याचा निषेध नोंदवला. भरवशाची नोंदवही असती तर वाद निदान आकड्यांवर झाला असता.

तपासणी ऐच्छिक आहे, पण शाळेच्या वेळेत, वर्गातून रांगेने होते. सगळा वर्ग उठून निघाला असताना बसून राहणारी मुले किती? शाळकरी वयात हजेरी भरघोस असते आणि पंचविसाव्या वर्षाच्या फेरीला ती दहा टक्क्यांच्याही खाली जाते, यावरून संमती किती खरी होती ते दिसते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये अणुअपघातानंतर सरसकट थायरॉइड तपासणी करू नये, मात्रा जास्त बसलेल्यांना सल्ला देऊन पर्याय द्यावा, असे सुचवले. शाळेतली तपासणी बंद करून ती तपासणी केंद्रांवर मागणीनुसार ठेवणे हा योग्य मार्ग वाटतो.

ज्यांना निमंत्रणाचे पत्र येते त्यांनी सोबतच्या पत्रकातला तोट्यांचा भाग आधी वाचावा. जायचे ठरले तर शाळेऐवजी केंद्र निवडावे, कारण निकाल तिथेच समजावून घेता येतो. गाठीचे किंवा सिस्टचे माप मिलिमीटरमध्ये लिहून घ्यावे आणि चित्राची प्रत मागावी. पुढच्या फेरीत गाठ वाढली की नाही हे त्यावरूनच ठरते. सुई सुचवली तर वरच्या मापांपैकी कोणत्या नियमाने, हे विचारावे. शस्त्रक्रियेपर्यंत गोष्ट गेलीच तर अर्धी ग्रंथी काढून भागते का ते पाहावे. पूर्ण काढली की हार्मोनची गोळी जन्मभर घ्यावी लागते, कॅल्शियम उतरण्याची भीती वाढते, आणि आवाजाच्या नसेला धक्का लागण्याचा धोका एकाऐवजी दोन्ही बाजूंना येतो. उपचारांची बिले, निदानाची पत्रे आणि पहिल्या निकालाचा कागद जपून ठेवावा. २०१५ पासून प्रांताच्या मदत योजनेतून उपचारांचा खर्च मिळतो, पण त्यासाठी आपण या तपासणीतूनच तिथवर आलो हे दाखवावे लागते.