द्विभाषिक लोककथांमधून स्पॅनिश: सात-आठ महिने वापरल्यावर

आधी निकाल सांगते, मग कारणं. स्पॅनिशची मुळाक्षरं गिरवायला असलं पुस्तक घेऊ नका. ए-वन ही पहिली पातळी झालीये, वर्तमानकाळ तोंडात बसलाय आणि भूतकाळापाशी गाडी अडलीये, अशांनी जरूर घ्यावं. माझी तीच गत होती. पुण्यातल्या क्लासात स्वतःची ओळख, घर, आवडीनिवडी सगळं घोटून झालं होतं. पण ऑफिसच्या कॉलवर मेक्सिकोची सहकारी रविवारी कुठे गेलो, काय खाल्लं हे सांगायला लागली की माझं नुसतं 'सी, सी' (हो, हो) चालायचं.

पुस्तकाची मांडणी साधी आहे. डाव्या पानावर स्पॅनिश, उजव्या पानावर इंग्रजी. स्पेनच्या आणि लॅटिन अमेरिकेच्या लोककथा. मी ते वनाझ-रामवाडी मेट्रोत वाचते, बसायला जागा मिळाली तर.

लोककथेचा मोठा फायदा म्हणजे ती तेच तेच पुन्हा सांगते. 'मेदिओ पोयितो' घ्या. एक पाय, एक पंख, एक डोळा असलेलं अर्धंच पिल्लू राजाला भेटायला माद्रिदला निघतं. वाटेत ओढा भेटतो, मग विस्तव, मग वारा. तिघंही मदत मागतात आणि भोपळ्यातल्या म्हातारीने प्रत्येक जनावराला तेच सांगावं तसं हे शिष्ट पिल्लू तिघांना एकाच साच्यातलं उत्तर देऊन पुढे सटकतं. तिसऱ्या भेटीपर्यंत शब्दकोश लागतच नाही. (शेवटी आचारी त्याला भांड्यात टाकतो, पाणी आणि विस्तव दयामाया दाखवत नाहीत, आणि वारा त्याला उचलून मनोऱ्याच्या टोकावर बसवतो. चर्चवरचा वारा दाखवणारा कोंबडा तो हाच म्हणे.)

पण पैसे वसूल झाले ते भूतकाळामुळे. स्पॅनिशमध्ये साधे भूतकाळ दोन, आणि क्लासात त्यांचा तक्ता पाठ करूनही कुठे कुठला वापरायचा ते कळत नव्हतं. गोष्टीत ते आपोआप वेगळे होतात. सुरुवातीला सगळं 'आबिआ', 'एरा', 'बिबिआ': एक राजा होता, जंगलात राहायचा, रोज शिकारीला जायचा. मग 'उन दिआ' येतो, म्हणजे एके दिवशी, आणि क्रियापदं पालटतात: 'सालिओ', 'बिओ', 'दिहो'. निघाला, पाहिलं, म्हणाला. उजव्या पानावरचं इंग्रजी इथे काही कामाचं नाही, कारण त्यात बहुतेक वेळा दोन्हीकडे एकच रूप असतं. मराठीत मात्र 'जायचा' आणि 'गेला' हा फरक आयताच आहे. 'इबा' म्हणजे जायचा, 'फुए' म्हणजे गेला, बात खतम. तेव्हापासून इंग्रजीकडे न बघता समासात पेन्सिलीने मराठीच लिहिते. 'जायचा'वाल्या काळात अनियमित क्रियापदं फक्त 3 आहेत, सेर (असणे), इर (जाणे) आणि बेर (पाहणे), आणि ती पहिल्या दोन-चार गोष्टींतच इतक्यांदा येतात की पाठ करावी लागत नाहीत. 'फुए-दिहो'वाल्या काळात मात्र अनियमितांची जत्रा आहे, तिथे तक्ता जवळ ठेवावाच लागतो.

आता तक्रारी. माझ्या पुस्तकातलं भाषांतर फार मोकळं आहे. पेद्रो उर्देमालेस हा चिलीत वगैरे घरोघरी ठाऊक असलेला ठकसेन. झाडाला नाणी टांगून 'पैशाचं झाड' वाटसरूला विकतो. त्याच्या बोलण्यातला खट्याळपणा इंग्रजीत पार सपाट झालाय आणि वाक्यं इतकी फोडलीत की डावीकडची ओळ उजवीकडे सापडत नाही. दुसरं, स्पेनच्या गोष्टींत 'तुम्ही' म्हणून 'बोसोत्रोस' येतं. मेक्सिकोत ते कुणी बोलत नाही, तिथे 'उस्तेदेस'. पुस्तकात याबद्दल अवाक्षर नाही. आणि शब्दसंपदा! कुऱ्हाड, चेटकीण, राजकन्या सगळं येतं. इनव्हॉइसला काय म्हणतात ते ऑफिसातच शिकावं लागलं.

ऑडिओ नाही, हीही मोठी उणीव. स्पॅनिश बरीचशी लिहिल्यासारखीच वाचतात आणि त, द आपल्यासारखेच दंत्य, त्यामुळे मराठी माणसाचं निम्मं काम होतं. पण जोड-एलचा (ll) उच्चार मेक्सिकोत 'य'च्या जवळ आणि ब्युनोस आयर्समध्ये 'श', हे कानानेच कळायचं. ऑडिओ असलेली आवृत्ती मिळाली तर थोडे पैसे जास्त पडले तरी तीच घ्या.

क्रमाने वाचू नका. पुएर्तो रिकोच्या हुआन बोबोपासून सुरू करा. डुकरिणीला आईचे कपडे घालून नटवणारा हा येडा मुलगा, त्यामुळे घरातल्या वस्तू, आईच्या सूचना, छोटी वाक्यं. 'ला योरोना' शेवटी ठेवा. रात्री नदीकाठी मुलांसाठी रडत फिरणाऱ्या बाईची ती मेक्सिकन गोष्ट गुंतागुंतीच्या वाक्यांनी भरलेली आहे, निदान माझ्या पुस्तकात तरी.

बांधणी यथातथाच. मेट्रोत उघडून उघडून माझी प्रत मधोमध सुटली, तेव्हा झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल करून घेतली. आता उजवं पान सरळ मागे दुमडता येतं.