सिंगापूर–टोकियो: विमान अंतर मोजणाऱ्या संकेतस्थळांचा आकडा कितपत खरा?

दोन शहरांची नावे टाका, अंतर आणि वेळ मिळवा, अशी ही मोफत सेवा. सिंगापूर–टोकियोसाठी ती सुमारे 5,300 किमी आणि सात तास दहा मिनिटे असे काहीसे दाखवते. अंतर ठीक आहे. पृथ्वीच्या गोलावरची सर्वांत जवळची वाट ती मोजते. फक्त शहराचे नाव न देता विमानतळाचा कोड टाका, कारण टोकियोच्या दोन विमानतळांपैकी नारिता शहराच्या मध्यापासून सुमारे 60 किमी दूर आहे आणि हानेदा त्या मानाने अगदी जवळ.

वेळेचा आकडा मात्र तकलादू. बहुतेक ठिकाणी अंतराला ताशी 800 किमीने भागून वर अर्धा तास मिळवतात, बस्स! वारा हिशेबात नाहीच. जपानवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट प्रवाह, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वारा, हिवाळ्यात फार जोरात असतो. टोकियोकडे जाताना तो पाठीवर, परतताना तोंडावर. त्यामुळे परतीला अर्धा तास सहज जास्त लागतो, पण संकेतस्थळ दोन्हीकडे एकच वेळ सांगते. धावपट्टीपर्यंतची रांग आणि उतरण्याआधीच्या घिरट्या वेगळ्याच.

टोकियोचे घड्याळ एक तास पुढे. सकाळी 8 ला निघून दुपारी 4 ला पोहोचणारे विमान सातच तास प्रवास करते. पुढचे विमान पकडायचे असेल तर कंपनीचे वेळापत्रकच पाहा. त्यातली वेळ गेटपासून गेटपर्यंतची असते.

अंतरासाठी चार तारे, वेळेसाठी दोन.