गाण्यांचा संग्रह हलवताना: हार्ड डिस्क की एसएसडी?

निव्वळ गाणी ऐकायला एसएसडीचा, म्हणजे फिरते भाग नसलेल्या, चिपवरच्या ड्राइव्हचा, वेग लागत नाही. ३२० केबीपीएसची (सेकंदाला ३२० किलोबिट; आठ बिट म्हणजे एक बाइट) एमपीथ्री फाइल वाजताना सेकंदाला जेमतेम ४० किलोबाइट वाचले जातात, सीडीच्या दर्जाची वेव्ह फाइल सुमारे १७६. फिरत्या तबकडीची साधी हार्ड डिस्कही याच्या कितीतरी पट देते, आणि तेवढ्याच पैशांत जागाही जास्त मिळते. संग्रह फ्लॅकमध्ये, म्हणजे दर्जा न घटवता साठवलेल्या मोठ्या फाइलींत, असेल तर ही जागा फार मोलाची.

फरक जाणवतो तो इतरत्र. हजारो छोट्या फाइली आणि मुखपृष्ठांची चित्रं वाचून ॲप संग्रहाची यादी बनवतं तेव्हा हार्ड डिस्क रेंगाळते. झोपलेली डिस्क जागी होईपर्यंत पहिलं गाणं अडतं, आणि शांत खोलीत हळुवार आलाप ऐकताना तिची घरघर मला तरी खुपते. एसएसडी निःशब्द असते, धक्काही जास्त सोसते. पण वीज न देता ती वर्षानुवर्षं कपाटात ठेवू नये. त्यातला डेटा हळूहळू पुसट होऊ शकतो.

म्हणून माझं मत: रोज ऐकायला एसएसडी, दुसरी प्रत हार्ड डिस्कवर. विंडोज आणि मॅक दोन्हींवर वापरायचं असेल तर ड्राइव्ह एक्सफॅट या दोन्हींना चालणाऱ्या फाइल-मांडणीत फॉरमॅट करा, पण गाणी टाकण्याआधी, कारण फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं जातं. कॉपी झाल्यावर ॲपला नवं फोल्डर दाखवा, फाइलींची संख्या जुळवा, चार-पाच अल्बम वाजवून बघा. तोवर मूळ फाइलींना हात लावू नका.