गॅस संपला नव्हता

एसीतला गॅस कधी संपत नाही. हे मला वेळेवर कुणी सांगितलं असतं तर मी लुबाडले गेले नसते, म्हणून सगळ्यात आधी तेच लिहिते. फ्रिजसारखंच एसीतही बंद नळ्यांमधून तोच वायू वर्षानुवर्षं फिरत राहतो. खोलीतली उष्णता उचलतो, बाहेर नेऊन टाकतो, परत येतो. गाडीतल्या पेट्रोलसारखा तो जळत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती असेल तर ती जागा बोट ठेवून दाखवता आली पाहिजे.

माझे सासरे अंथरुणाला खिळलेले आहेत. ऐन उन्हाळ्यात त्यांच्याच खोलीतला दीड टनाचा स्प्लिट एसी त्रास द्यायला लागला. सुरू केला की पंधरा-वीस मिनिटं छान गार हवा यायची, मग नुसता पंखा. थोड्या वेळाने पुन्हा गार, पुन्हा बंद. बाबांना रात्र-रात्र झोप नाही, पाठीला घामोळं. घरात अशी परिस्थिती असली की माणूस चार ठिकाणी चौकशी करत बसत नाही. मी कंपनीचं नाव टाकून नेटवर नंबर शोधला आणि जो सगळ्यात वर आला त्यावर फोन लावला. तासाभरात दोघे जण हजर. कंपनीचा लोगो असलेला शर्ट, खांद्याला बॅग, बोलणं एकदम अदबशीर. तो नंबर कंपनीचा नव्हताच, हे फार उशिरा कळलं. खरा नंबर वॉरंटी कार्डावर छापलेला होता आणि ते कार्ड कपाटात होतं.

त्यातल्या मोठ्याने आउटडोअर युनिटला गेज, म्हणजे गॅसचा दाब दाखवणारा मीटर, लावला आणि मला हाक मारली. "मॅडम, हे बघा." मी बघत होते आणि काटा हळूहळू खाली येत शून्यावर टेकला. "गॅस पूर्ण गेलाय. कॉइल लीक आहे. वेल्डिंग मारून फुल गॅस भरावा लागेल. आणि तुमचा गॅस आता बंद झालाय, त्यामुळे महाग मिळतो." समोर शून्यावर टेकलेला काटा, आत तळमळणारे बाबा. मी हो म्हटलं. मुलीने तेवढ्यात गेजचा एक फोटो काढला, कामावर असलेल्या तिच्या बाबांना पाठवायला. मग मला सांगण्यात आलं की गॅसचा त्रास होईल, तुम्ही आत बसा. चाळीस मिनिटांत काम झालं, खोली गार झाली. बिल पाहून पोटात गोळा आला, पण बाबा झोपले होते. मी पैसे दिले आणि वर त्यांचे आभारही मानले.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर सर्व्हिसिंगसाठी ओळखीतून एक टेक्निशियन आला. आउटडोअरचं कव्हर उघडून त्याने विचारलं, "ताई, फॅनचा कपॅसिटर कधी बदलला?" मी म्हटलं, कधीच नाही. तो म्हणाला, हा तर नवा कोरा आहे, बाकी सगळ्यावर धूळ आहे आणि यावर नाही. मग त्याने युनिटच्या मागच्या फटीतून एक काळी चौकोनी डबी काढली, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, एका बाजूने फुगलेली. जुना कपॅसिटर, म्हणजे पंख्याच्या मोटरला फिरायला जोर देणारा भाग. त्यावर त्याची क्षमता, 2.5 मायक्रोफॅरड, छापलेली होती. त्याने मीटर लावला तर आकडा आला 0.8.

मी गेल्या वर्षीचं बिल आणले. तो वाचत गेला आणि त्याचा चेहरा उतरत गेला.

बिघाड एवढाच होता: बाहेरच्या पंख्याचा कपॅसिटर मेला होता, त्यामुळे पंखा रडतखडत फिरत होता. पंखा नीट फिरला नाही की कॉम्प्रेसरची, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाची, उष्णता बाहेर जात नाही, तो तापतो आणि त्याच्यातलं संरक्षण त्याला बंद करतं. थंड झाला की पुन्हा सुरू होतो. पंधरा मिनिटं गार आणि मग गरम, ते याचंच लक्षण. गॅस खरंच पूर्ण गेला असता तर एक मिनिटही गार हवा आली नसती. आधी गार आणि मग गरम, हे लक्षण मी त्या दोघांना दारातच सांगितलं होतं, म्हणजे बिघाड काय असेल याचा अंदाज त्यांना आत येण्याआधीच आला असणार. कपॅसिटर हा एसीतल्या सगळ्यात स्वस्त भागांपैकी एक. बदलायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. मी दिलेल्या पैशांत तसे डबाभर आले असते.

मग काटा शून्यावर कसा आला? मुलीच्या मोबाइलमध्ये तो फोटो अजून होता. टेक्निशियनने तो मोठा करून पाहिला आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं. बारीक नळीच्या व्हॉल्व्हमध्ये सहा पैलूंची किल्ली, म्हणजे एल-की, घातलेली दिसत होती. आउटडोअरला दोन व्हॉल्व्ह असतात, एक बारीक नळीचा, एक जाड नळीचा. एसी चालू असताना बारीक नळीचा व्हॉल्व्ह बंद केला की कॉम्प्रेसर सगळा गॅस ओढून बाहेरच्या युनिटमध्ये कोंडून ठेवतो आणि जाड नळीवरचा गेज शून्याकडे जातो. एसी एका घरातून दुसऱ्या घरी हलवताना गॅस वाचवायला हेच करतात, त्याला पंप डाउन म्हणतात. किल्ली उलटी फिरवली की गॅस पुन्हा जागेवर. माझा गॅस कुठेही गेला नव्हता. मला घाबरवण्यापुरता तो कोंडला होता.

म्हणून कुणी गेज दाखवला तर आधी किल्ली कुठे आहे ते बघा. दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण उघडे आहेत का, असं तोंडावर विचारा.

बाकीचं खोटं पकडायला लागणारं तर युनिटवरच लिहिलेलं होतं, मी वाचलं नाही. आउटडोअरच्या बाजूला एक प्लेट असते. तिच्यावर गॅसचा प्रकार आणि कारखान्यातून किती भरला त्याचं वजन असतं. माझ्या प्लेटवर होतं आर-32, 0.82 किलो. बिलावर होतं 2 किलो. एवढा गॅस त्या युनिटला लागतच नाही, आणि खरंच भरला असता तर ते धड चाललं नसतं. "बंद झालेला गॅस" म्हणजे आर-22, जुन्या मशीनमधला. ओझोनच्या थराला इजा करतो म्हणून 1987 च्या मॉन्ट्रिअल करारानुसार तो टप्प्याटप्प्याने काढून टाकला जातोय. आर-32 चा त्याच्याशी काही संबंध नाही. पण मला प्रकारच माहीत नव्हता, त्यामुळे महाग म्हटल्यावर मी मान डोलावली.

वेल्डिंगचं तर चिन्हही नव्हतं. आर-32 थोडा ज्वलनशील आहे, तो लाइनमध्ये असताना कुणी ज्योत लावत नाही. आधी गॅस काढायचा, सांधा जोडायचा, नायट्रोजनचं प्रेशर देऊन साबणाच्या फेसाने तपासायचं, मग व्हॅक्युम पंप लावून आतली हवा आणि ओल ओढून काढायची आणि शेवटी वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून मोजून गॅस भरायचा. नुसत्या व्हॅक्युमलाच अर्धा तास सहज जातो. माझं सगळं काम चाळीस मिनिटांत झालं होतं आणि त्यांच्याकडे ना पंप होता ना काटा. दोघे मिळून एक बॅग घेऊन आले होते, हे मला लख्ख आठवतं. खरी गळती असली तर त्या जागी बहुतेकदा तेलकट ओला डाग दिसतो, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं. डाग दाखवा म्हणा, फेस करून बुडबुडे दाखवा म्हणा. गळती न शोधता दरवर्षी "टॉप-अप" करून घेणारी घरं मला माहीत आहेत आणि त्यांच्यासाठी जीव तुटतो.

कॉम्प्रेसर गेला असं सांगितलं तर जास्तच सावध व्हा. एसीतला तो सगळ्यात महाग भाग, आणि ते ऐकून बरेच जण सरळ नवं मशीन घेतात. आधी कपॅसिटर मोजायला सांगा. मग वीज पूर्ण बंद करून, वायरी सोडवून कॉम्प्रेसरच्या तीन टोकांमधला रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मीटरवर दाखवायला सांगा. साध्या एसीत दोन लहान आकड्यांची बेरीज तिसऱ्याएवढी येते, इन्व्हर्टर एसीत तिन्ही सारखे येतात, आणि कोणत्याही टोकाचा बॉडीशी संबंध दिसता कामा नये. हे तुम्ही स्वतः करायला जाऊ नका, वीज बंद असली तरी कपॅसिटर झटका देऊ शकतो. पण आकडे बघायचा हक्क तुमचा आहे. शिवाय बऱ्याच कंपन्या कॉम्प्रेसरला बाकी मशीनपेक्षा जास्त वर्षांची वॉरंटी देतात. कार्ड काढून बघितल्याशिवाय पैशाचं बोलूच नका.

मी त्या नंबरवर पुन्हा फोन केला. बंद होता. कंपनीकडे तक्रार केली तर त्यांनी सांगितलं की तो आमचा माणूस नाही, बिलही आमचं नाही. पैसे गेले ते गेलेच. पण ते फुगलेलं कपॅसिटर मी टाकलेलं नाही. आउटडोअरच्या कव्हरवर आता मार्करने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय: आर-32, 0.82 किलो, फॅन कपॅसिटर 2.5. खाली बदलल्याची तारीख. आणि कुणी दुरुस्तीला आलं की मी आत जाऊन बसत नाही. काय बदलणार आणि किती घेणार ते आधी कागदावर लिहून घेते आणि काढलेला प्रत्येक भाग निघण्याआधी माझ्या हातात द्यायला सांगते.