चांदीच्या पाण्याचं यंत्र घेऊ नका, माझे १३,१९९ रुपये गेले

रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, इंदुरात जिथे जिथे आपली मराठी घरं आहेत तिथे हे यंत्र दारोदार विकणारा माणूस पोचू शकतो, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहिते आहे. बॅटरीवर कांड्यांमधली चांदी पाण्यात उतरवायची आणि ते पाणी औषध म्हणून रोज प्यायचं, असं हे यंत्र. यंत्राचे ६,४९९, ‘शुद्ध चांदीच्या’ दोन कांड्यांचे ४,८००, चवीच्या पावडरचे चार डबे ३५० प्रमाणे १,४०० आणि वॉरंटी नोंदणीचे ५००. एकूण १३,१९९. पावती म्हणून हाती पडला एक चिठोरा. त्यावर ना जीएसटी नंबर, ना पत्ता. असा कागद कोणी दिला तर पैसे काढूच नका.

शिकलेल्या बाईला कळलं नाही का, असं आमच्याच नात्यात बोलून झालंय. माझी सगळी नोकरी बँकेत गेली, मी कोणावर चटकन विश्वास टाकत नाही. पण इंदुरात दारात उभं राहून कोणी स्वच्छ मराठीत ‘काकू, नमस्कार करतो’ म्हणालं की आपण त्याला आत बसवतो, चहा टाकतो. त्याने हेच हेरलं होतं. शिवाय चांदी आपल्याला परकी नाही. बाळाला चांदीच्या वाटीत चाटण, वैद्यांचं रौप्य भस्म, भाजल्यावर लावतात ते सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम, सगळं त्याने एका दमात सांगितलं आणि त्याच ओघात स्वतःचं यंत्र पुढे केलं. बाहेरून लावायचं मलम आणि रोज प्यायचं पाणी यात किती अंतर आहे, हे त्या ओघात कुणाच्या लक्षात येणार?

प्रात्यक्षिक चोख होतं. नऊ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या जोडलेला डबा, डिस्टिल्ड वॉटरचा ग्लास, त्यात दोन कांड्या. थोड्या वेळाने चिमूटभर मीठ टाकलं आणि पाणी दुधाळ झालं. ‘बघा काकू, चांदी उतरली.’ ते खरंच होतं. पाण्यात उतरलेली चांदी मिठाशी मिळाली की सिल्व्हर क्लोराइड होऊन पांढरा गढूळपणा येतो. त्याच्या कांड्या खऱ्या होत्या. आमच्या पाकिटातल्या नव्हत्या.

घरी केलं तेव्हा पाण्याला हिरवट झाक आली, आणि चव इतकी कडवट-तुरट की सासूबाईंनी पहिला घोट मोरीत थुंकला. इथेच, नेमकं इथेच लक्षात यायला हवं होतं. त्याच्यासमोर पांढरं झालेलं पाणी माझ्या ओट्यावर हिरवं कसं? फोन केला तर म्हणतो, ‘चांदीची चव अशीच, त्यासाठीच तर पावडर दिलीय.’ ती नारिंगी पावडर म्हणजे साखर, लिंबूसत्त्व, रंग आणि संत्र्याचा वास. चमचाभर घातली की कडवटपणा झाकला जायचा आणि हिरवा रंगही. साडेतीनशेचा डबा चव सुधारायला नव्हताच, चोरी लपवायला होता! सासूबाईंना मळमळायला लागलं त्यावरही उत्तर तयार: ‘शरीरातली घाण निघतेय.’ हे वाक्य जो कोणी म्हणेल त्याला तिथल्या तिथे उठवा.

शेवटी सराफ्यात ओळखीच्या दुकानी कांड्या कसोटीवर घासून घेतल्या. जर्मन सिल्व्हर. नावात चांदी, धातूत नाही. त्यात तांबं, निकेल आणि जस्त असतं. म्हाताऱ्या माणसाला आम्ही ते पाजत होतो.

चांदी खरी असती तर बरं झालं असतं, असंही समजू नका. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की अशी चांदी पोटात जात राहिली तर कातडीत साठते, माणूस निळा-करडा पडतो आणि तो रंग परत जात नाही. त्याला आर्जिरिया म्हणतात. अमेरिकेतला पॉल करासन घरीच केलेलं हे पाणी वर्षानुवर्षं पीत राहिला आणि निळा झाला; २०१३ मध्ये तो वारला. तिथल्या औषध प्रशासनाने तर १९९९ मध्येच जाहीर केलं होतं की डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकली जाणारी चांदीची औषधं सुरक्षित आणि गुणकारी मानता येत नाहीत. थायरॉइडच्या गोळीचं शोषणही चांदीमुळे कमी होऊ शकतं. आणि हा विकणारा सांगून गेला होता, सकाळची गोळी याच पाण्याबरोबर घ्या!

आता तक्रारीचं. पोलीस ठाण्यात विचारलं, ‘माताजी, पैसे आपने खुद दिए ना?’ सायबरवाले म्हणाले, वस्तू मिळाली आहे, मग हा व्यापारातला वाद. औषध खात्यात म्हणाले, यंत्र औषध नाही. अन्नवाल्यांनी सांगितलं, यंत्र अन्न नाही. मग ते सासूबाईंच्या पोटात गेलं ते काय होतं? पत्रकावर ठळक छापलंय ‘मधुमेह मुळापासून बरा’. जादुई उपायांच्या जाहिरातींविरुद्ध १९५४ चा कायदा आहे, मधुमेह त्याच्या यादीत आहे आणि गुन्हा दखलपात्र आहे. हे मी त्या साहेबांना छापील कागदावर दाखवलं. त्यांनी कागद वाचला नाही, उलटा करून परत दिला आणि पुढच्या माणसाला हाक मारली. मी तिथे ज्येष्ठ नागरिक म्हणून खुर्ची मागायला गेले नव्हते, हक्काची तक्रार घेऊन गेले होते. उद्या कुणाचं मूत्रपिंड गेलं तर हेच कार्यालय पंचनामा करायला धावत येईल.

ज्यांनी घेतलंय त्यांनी यंत्र रागाने फेकू नका. कांड्या, उरलेली पावडर, पत्रक, चिठोरा, यूपीआयची नोंद, सगळं ठेवा. पाणी मात्र आजच ओतून टाका, आणि मळमळ किंवा उलटी असेल तर डॉक्टरांना धातूचं नाव स्पष्ट सांगा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षं. मी अर्ज लिहायला घेतलाय. त्याच माणसाकडून घेतलेल्या आणखी कोणाच्या कांड्या सराफ्यात खोट्या निघाल्या असतील तर त्यांनीही आपला अर्ज घालावा. एकटीचा कागद हे लोक पुन्हा उलटा करून परत देतील.