हॉवर्थचे आरोग्य: व्हेस्ट्री की स्थानिक आरोग्य मंडळ?

यॉर्कशायरमधील हॉवर्थ गावात पूर्वी स्थानिक कारभार व्हेस्ट्री, म्हणजे चर्चशी जोडलेली करदात्यांची सभा, पाहत असे. गरिबांचे पोषण आणि रस्त्यांची डागडुजी ही तिची नित्याची कामे होती. सांडपाणी व पिण्याचे पाणी यांसाठी मात्र तिच्याकडे ना पुरेसा अधिकार होता ना कर वसूल करण्याची इच्छा.

१८४८च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने दुसरा पर्याय दिला. एक दशांश करदात्यांनी अर्ज केल्यास किंवा मृत्युदर हजारी २३हून अधिक असल्यास निवडून आलेले आरोग्य मंडळ नेमता येई. गावचे धर्मगुरू पॅट्रिक ब्राँटे (प्रसिद्ध लेखिका भगिनींचे वडील) यांनी अर्जाचा पाठपुरावा केला आणि १८५०मध्ये निरीक्षक बेंजामिन बॅबेज यांच्या अहवालाने गावाचे भीषण वास्तव उघडे केले: मृत्यूचे सरासरी वय सुमारे २६ वर्षे, आणि सुमारे ४१ टक्के मुले सहा वर्षांची होण्याआधीच मरत.

गटारे आणि नळाच्या पाण्यासाठी कर बसवून कर्ज उभारण्याचा अधिकार असल्याने मंडळच सरस, असे माझे मत आहे. लोकशाहीच्या कसोटीवर मात्र दोन्हींत फारसे अंतर नव्हते, कारण मालमत्तेनुसार एकाच व्यक्तीला एकाहून अधिक मते देण्याची पद्धत व्हेस्ट्रीप्रमाणे मंडळाच्या निवडणुकीतही होती.