रानात निघून जाणारे दोन सिनेमे : मुलांसोबत कोणता पाहाल?

अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहर पालथे घालणारी आपल्या नाशिकची मुलं पंधरा-सोळाची झाली की कधीतरी म्हणतात, सगळं सोडून रानातच राहावं. अशा मुलासोबत घरी सिनेमा पाहायचा, तर दोन नावं हमखास पुढे येतात : शॉन पेनचा 'इन्टू द वाइल्ड' (२००७) आणि डेब्रा ग्रॅनिकचा 'लीव्ह नो ट्रेस' (२०१८). माझं मत दुसऱ्याला.

पहिल्यात क्रिस मॅककँडलेसची खरी गोष्ट आहे. १९९० मध्ये पदवी घेतली, साठवलेले सुमारे २४ हजार डॉलर दान केले, भटकत भटकत एप्रिल १९९२ मध्ये अलास्काच्या रानात शिरला आणि तिथल्या एका टाकून दिलेल्या बसमध्ये त्याच वर्षी उपाशीपोटी गेला. सिनेमा देखणा आहे, एडी व्हेडरची गाणी मनात घर करतात. पण कॅमेरा जवळजवळ अडीच तास क्रिसच्या प्रेमात आहे, आणि सोळाव्या वर्षी त्या प्रेमाची लागण पटकन होते.

येताना ओलांडलेली टेक्लानिका नदी उन्हाळ्यात फुगली, म्हणून त्याला परतता आलं नाही. दुगारवाडीचा ओढा पावसात कसा चढतो हे पाहिलेल्यांना ही गोष्ट लगेच कळेल. प्रत्यक्षात थोड्याच अंतरावर नदी ओलांडायला तारेवरचा पाळणा होता. त्याच्याकडे सविस्तर नकाशाच नव्हता. हे मुलांना जरूर सांगा. पुढे त्या वाटेवर दोघीजणी बुडाल्या आणि २०२० मध्ये ती बस हेलिकॉप्टरने उचलून न्यावी लागली.

'लीव्ह नो ट्रेस'मधला बाप सैन्यातून मनाने मोडून परतलेला. तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन तो पोर्टलंड शहरातल्या मोठ्या जंगलात लपून राहतो. तो तिला शिकवतो, दोघं बुद्धिबळ खेळतात, एकमेकांवर जीव टाकतात. मग पकडले जातात. राहायला घर मिळतं. मुलगी तिथे रुळू लागते, बाप रमत नाही. इथे खलनायक कुणीच नाही, म्हणून जास्त तुटतं. पंचवटीत वाढलेल्यांना वनवास म्हटलं की राम आठवतो. पण सीता आणि लक्ष्मण स्वतःच्या हट्टाने त्याच्यासोबत निघाले होते. या मुलीला आधी कुणी विचारलेलंच नाही. तिला काय हवं, हे ती बापाला कसं सांगते त्यासाठी हा सिनेमा पाहावा. थॉमसिन मॅकेन्झीने ते फार हळुवार केलंय.

सहा मुलांना जंगलात वाढवणाऱ्या बापाचा 'कॅप्टन फँटास्टिक' (२०१६) कुणी सुचवेल. चांगला आहे, पण नग्नता आणि शिव्या आहेत, मुलांसोबत नको. 'इन्टू द वाइल्ड'मध्येही थोडी नग्नता आहे, तो कॉलेजात गेल्यावर पाहू दे. 'लीव्ह नो ट्रेस' पावणेदोन तासांचा, संवाद मोजके. इंग्रजी जेमतेम कळणाऱ्या आजीलाही सोबत बसवता येईल.